ओव्हरसाइझ मालाच्या एस्कॉर्टसाठी गाडी: एका निवडीचा पूर्ण हिशेब

परिस्थिती

धंदा घरगुती, दोन गाड्यांचा. अतिलांब, अतिरुंद किंवा अतिउंच माल घेऊन ट्रेलर निघाला की त्याच्या पुढे-मागे पायलट गाडी चालवायची, हे काम. पुढची गाडी धाकटे दीर चालवतात. त्यांच्याकडे डिझेल पिकअप आहे आणि तिच्या पुढच्या बंपरला हाइट पोल, म्हणजे मालाच्या उंचीपेक्षा किंचित वर ठेवलेली उभी काठी, बसवलेला आहे. वरचा अडथळा मालाआधी तिला लागतो. मागची गाडी स्वतः मालकीणबाई चालवतात. त्यांची स्टेशन वॅगन थकली होती. गिअरबॉक्स चढावर घसरत होता, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जात होता. नवी गाडी घ्यायचीच होती. मागणी एका वाक्यात आली: "ऐसपैस हवी आणि दगा देणारी नको."

मी वाहनांच्या देखभालीचं काम करतो. त्यामुळे यादी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. यादीत चार प्रकार होते: आणखी एक पिकअप, चौकटीवर बांधलेली मोठी एसयूव्ही, पेट्रोल मिनिव्हॅन आणि हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) मिनिव्हॅन. प्रत्येकीसमोर डिकी किती लिटरची आणि ताकद किती हे नीट लिहिलेलं होतं. या धंद्यात हे दोन्ही आकडे फारसे कामाचे नाहीत, आणि आमची चर्चा तिथूनच सुरू झाली.

गाडी दिवसभर करते काय

पायलट गाडीचा दिवस प्रवासी गाडीसारखा नसतो. पहाटे ट्रेलरशेजारी उभं राहून मापं तपासायची, परवान्यावरचा मार्ग सगळ्यांनी मिळून वाचायचा, मग परवान्यात दिलेल्या वेळेची वाट बघायची. अनेक ठिकाणी असा माल सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात हलवता येतो, शहरांतून गर्दीच्या वेळी अजिबात नाही. म्हणजे वाट बघणं हा कामाचाच भाग. निघाल्यावरही मोठा ट्रान्सफॉर्मर असला तर ताफा चढावर माणसाच्या चालीने सरकतो. वळणावर पवनचक्कीचं पातं फिरवायचं असलं तर मागच्या गाडीने अख्खी वाहतूक धरून ठेवायची. जमिनीवरच्या पवनचक्क्यांची पाती आता साठ मीटरच्या पुढे गेली आहेत. अशा ट्रेलरची मागची चाकं वेगळी वळवावी लागतात आणि एकेका चौकात बराच वेळ जातो.

या सगळ्या वेळात इंजिन चालू, दिवे चालू, रेडिओ चालू, एसी चालू, आणि चाकं स्थिर. म्हणून मी पहिला प्रश्न विचारला तो हा: जुन्या वॅगनचे इंजिनतास किती? ओडोमीटर सगळे बघतात, तास कोणी बघत नाही. पोलिसांच्या गाड्यांसाठी फोर्ड कंपनी सांगते की एक तास आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) म्हणजे इंजिनाला सुमारे ३३ मैल, म्हणजे साधारण ५३ किलोमीटर धावल्यासारखं धरा. हा हिशेब ढोबळ आहे, इंजिनागणिक बदलेल. पण समजा ओडोमीटरवर एक लाख किलोमीटर आहेत आणि गाडी दोन हजार तास उभ्याने चालली आहे, तर इंजिनाने दोन लाखांवरची झीज सोसली आहे. ऑइल बदलायची वेळ किलोमीटरवर ठरवणारा इथे फसतो. जुनी गाडी घ्यायची झाली तरी हेच. मीटर कमी दाखवतोय म्हणून खूश होण्याआधी तिने आधीच्या मालकाकडे काय काम केलं, हे विचारा.

भरवशाचा अर्थही इथे निराळा. घरची गाडी बंद पडली तर एका माणसाची पंचाईत. पायलट गाडी बंद पडली तर परवान्याच्या अटीनुसार ट्रेलरला पुढे जाताच येत नाही. क्रेन पलीकडे तासाच्या भाड्यावर उभी, वाहतूक पोलिसांची वेळ ठरलेली, आणि ताफा अडकलाय एका अल्टरनेटरपायी, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्रापायी. त्यामुळे बिघाड कमी होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच झालेला बिघाड कुठल्याही छोट्या गावातल्या गॅरेजमध्ये निघणंही. भरपूर विकली गेलेली, साधी, सहज मिळणाऱ्या टायरची गाडी इथे भारी पडते. मागवावा लागणारा टायर ज्या गाडीला आहे, तिचं बाकी कौतुक मी ऐकत नाही. आणि स्टेपनी! हल्ली अनेक गाड्यांत स्टेपनीच्या जागी पंक्चर दुरुस्तीचं किट असतं. खिळा गेला तर ते चालतं. बाजूने टायर फाटला तर त्याचा उपयोग शून्य. पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यावर टायर बाजूनेच फाटतात.

नियम आधी, गाडी नंतर

शोरूममध्ये जायच्या आधी परवान्याच्या अटी वाचायच्या, हा माझा आग्रह होता. एस्कॉर्ट गाडी कशी असावी हे देशागणिक, कधी राज्यागणिक बदलतं. अमेरिकेत ८ फूट ६ इंचांपेक्षा रुंद माल अतिरुंद धरला जातो, आणि त्यापुढे किती रुंदीला किती पायलट गाड्या, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. फलकाचं माप, दिव्यांचा रंग, झेंड्यांचा आकार, सोबत ठेवायचं साहित्य, सगळ्याच्या याद्या वेगवेगळ्या. जर्मनीत बीएफ३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एस्कॉर्ट गाडीच्या टपावर बदलता येणारा वाहतूक-चिन्हांचा फलक लागतो. तो पेलायला आणि त्याची यंत्रणा ठेवायला तिथे बहुतेक लोक व्हॅनच वापरतात. तिथला माणूस सेडानचा विचारही करणार नाही.

एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्याने सगळ्यांत कडक यादी समोर ठेवून गाडी घ्यावी. सैल यादीवर घेतली की सीमेवर पहिल्याच तपासणीत कळतं.

जागा: किती याला महत्त्व नाही, कुठे याला आहे

मालकीणबाईंच्या गाडीत काय काय असतं ते मी बाहेर काढून मांडायला लावलं. रस्त्यावर ठेवायचे शंकू, "थांबा" आणि "सावकाश" असं लिहिलेला हाताचा फलक, रिफ्लेक्टर जॅकेटं, हेल्मेटं, लाल-केशरी झेंडे, परावर्तक त्रिकोण, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, जादा दिवा, जादा रेडिओ आणि अँटेना, मोजपट्टी, उंची मोजायची काठी, रेनकोट, गमबूट, टॉर्च, परवान्यांची फाइल, पाण्याची बाटली, पांघरूण, दोन दिवसांचे कपडे. हे सगळं मिळून वजन फार होत नाही. कुठल्याही मोठ्या गाडीला पेलेल. प्रश्न आकारांचा आहे: शंकू एकावर एक रचले तरी उंच होतात, फलकाची काठी लांब, झेंडे वाकवता येत नाहीत, आणि निम्मं सामान संध्याकाळी ओलं किंवा धुळीने माखलेलं असतं.

मग एक चाचणी ठरवली. विक्रेत्याच्या आवारात प्रत्येक गाडीत हेच सामान भरायचं. एकाने वस्तूचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने ती दुसरी काहीही न हलवता बाहेर काढायची. तीही कडेच्या पट्टीवर उभे आहोत असं समजून, म्हणजे वाहतुकीच्या बाजूचं दार न उघडता.

एसयूव्हीत तिसरी रांग पाडली की मोठा सपाट ओटा मिळतो. दिसायला सुरेख. पण तो कमरेएवढा उंच, आणि त्यावर सामान एकावर एक चढतं. अग्निशामक शंकूंच्या पाठीमागे गेला. मागचं दार बाजूला उघडत असल्याने अरुंद पट्टीवर ते थेट चालू लेनमध्ये शिरतं. पिकअपमध्ये उलट. मागे जागा मुबलक, पण ती उघड्यावर. झाकण बसवलं तर आत वाकून, जवळजवळ रांगत शिरावं लागतं. आणि केबिनमध्ये कोरडं-ओलं एकत्र.

दिरांचा ओढा पिकअपकडे होता. ते म्हणाले, "वहिनी, मिनिव्हॅन म्हणजे पोरं शाळेत सोडायची गाडी. साइटवर हसतील."

"भावोजी, हसू देत. तुमच्या पिकअपमध्ये ओला रेनकोट कुठे ठेवता ते सांगा आधी."

ओला रेनकोट शेजारच्या सीटवर, परवान्यांच्या फाइलवर असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मिनिव्हॅनचा मजला खाली असतो, त्यामुळे सामान उभं राहतं. शंकू एका कोपऱ्यात, अग्निशामक सरकत्या दाराशी, फलक सीटच्या बाजूला. सरकतं दार गाडीच्या अंगालगत उघडतं, लेनमध्ये येत नाही. मागच्या चाकांच्या पुढे बसून बूट बदलता येतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पावसात दिवसातून अनेकदा खाली उतरणाऱ्याला विचारा.

इथे एक बारीक मुद्दा, आणि तो ब्रोशरमध्ये सापडत नाही. टपावरचा फलक मागच्या बाजूला बसवला आणि मागचं दार वर उघडणारं असलं, तर दार फलकाला धडकतं. आम्ही फलकाच्या मापाची फळी टपावर धरून दार उघडून पाहिलं. एका गाडीत दार अर्ध्यावरच अडकलं, दुसरीत फळी वीतभर पुढे घेतल्यावर निभावलं. शिवाय काही गाड्यांत मागचे दिवे दारातच असतात. दार वर गेलं की तेही आकाशाकडे बघतात, आणि रात्री मागून येणाऱ्याला गाडीची मागची बाजू दिसत नाही. अशा गाडीत मागून सामान काढायचं काम सरकत्या दारावर नेता येतं का, हे बघावं लागतं.

फलकाचं आणखी एक. दीड मीटर लांब, तीस सेंटिमीटर उंच पाटी ताशी ९० किलोमीटरला साधारण वीस किलो वजनाच्या जोराने मागे ढकलली जाते. ११० ला तोच जोर तीस किलोच्या घरात, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. रिकामं परतताना फलक आडवा पाडता यायला हवा. बऱ्याच ठिकाणी काम नसताना तो झाकणं किंवा उतरवणं सक्तीचंही आहे. टपावरच्या कमानींची भारमर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. फलक, दिव्यांची पट्टी आणि त्यांची चौकट यांचं एकत्र वजन त्यात बसायला हवं.

वीज

माझ्या मते निवड इथे ठरली, म्हणून जरा सविस्तर.

पिवळे फिरते दिवे, रेडिओ, फोनचे चार्जर, टॅबलेट, डॅशकॅम, हेडलाइट, एसीचा पंखा: हे सगळं चालू असताना चाळीस-पन्नास अँपिअर सहज लागतात. अल्टरनेटरवर १५० लिहिलेलं असलं तरी तो आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा. गरम इंजिन आयडलिंगवर असताना त्यातला बराच भाग मिळत नाही. बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि चालकाला पत्ता नसतो. इंजिन बंद करून दिवे चालू ठेवले तर आणखी लवकर: साठ अँपिअर-तासांची बॅटरी, पंधरा अँपिअरचा भार, दोन तासांत निम्मी. स्टार्टरची साधी बॅटरी अशी वारंवार निम्म्यावर आली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

वायरिंग करणाऱ्यांची एक सवय इथे नडते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. दिव्यांची अर्थिंग वायर थेट त्या टोकावर बांधली की तो करंट सेन्सरला दिसतच नाही, आणि गाडी बॅटरी भरलेली समजून चार्जिंग कमी करते. अर्थिंग बॉडीवर, कंपनीने दिलेल्या जागी घ्यायची. दुसरी बॅटरी बसवायची असेल तर जुन्या पद्धतीचा व्होल्टेज रिले (व्होल्टेज वाढलं की दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) बऱ्याच नव्या गाड्यांत नीट चालत नाही, कारण त्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे डीसी-डीसी चार्जर लागतो. व्होल्टेज बदललं तरी तो दुसरी बॅटरी नीट भरतो.

आता इंजिनाकडे. डिझेलच्या धुराच्या मार्गात काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला धूर गरम हवा, आणि आयडलिंगवर तो थंडच राहतो. ताफ्याच्या वेगाने दिवसच्या दिवस चालणाऱ्या डिझेल गाडीचा फिल्टर तुंबत जातो. दिरांच्या पिकअपला हा त्रास आहेच. काम संपल्यावर ते तिला मुद्दाम हायवेवर दामटतात. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात वेगळी अडचण. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. पोर्ट इंजेक्शन (व्हॉल्व्हच्या आधी फवारणी) किंवा दोन्ही प्रकारचं इंजेक्शन असलेलं इंजिन या बाबतीत सुखी.

आणि हायब्रिड. पूर्ण हायब्रिड गाडी उभी असताना इंजिन बंद असतं, तरी एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. बारा व्होल्टची वीज मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्गे मिळत राहते, ती इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसते. मोठी बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ आपोआप सुरू होतं, तिला भरतं आणि पुन्हा गप्प. तासन् तास उभं राहणाऱ्या, दिवे पेटलेल्या, एसी हव्या असलेल्या गाडीला यापेक्षा सोयीची रचना मला तरी माहीत नाही. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) म्हणतात ती पट्ट्याची नसते. दातेरी चक्रांचा एक संच आणि दोन मोटर एवढंच. मंद चढावर पट्टा घसरून तापण्याचा प्रश्न तिथे येत नाही.

दोन अटी मात्र पाळायच्या. पहिली, दिवे लावून उभं राहताना गाडी "रेडी" अवस्थेत, म्हणजे हायब्रिड यंत्रणा चालू आणि निघायला तयार, ठेवायची. नुसतं अ‍ॅक्सेसरीवर (यंत्रणा बंद, फक्त किरकोळ वीज चालू) ठेवलं तर छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरते, आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. दुसरी, अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी थंड करायची हवा केबिनमधूनच, सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. त्या जाळीवर रेनकोट टाकला किंवा ती धुळीने भरली की बॅटरी तापते. ऐसपैस गाडी मिळाली म्हणून जाळीसमोर सामान रचणं ही या धंद्यातली हमखास होणारी चूक.

पोल आणि उंची

नवी गाडी मुख्यतः मागे चालणार होती. तरी दीर आजारी पडले तर ती पुढे जावी आणि तिला पोल लागावा, अशी मालकीणबाईंची इच्छा होती. इथे मी हात आखडता घेतला.

पोलचं काम किती नाजूक आहे हे २३ मे २०१३ च्या घटनेवरून कळतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आय-५ महामार्गावर स्कॅगिट नदीच्या पुलाचा एक गाळा कोसळला, कारण अतिउंच माल पुलाच्या वरच्या आडव्या पोलादी तुळयांना धडकला. माल १५ फूट ११ इंच उंच होता, पुढच्या पायलट गाडीचा पोल १६ फूट २ इंचांवर लावलेला होता. म्हणजे फरक तीन इंच. पुलाची वरची चौकट कमानीसारखी होती आणि कडेच्या लेनवर मोकळी उंची कमी होती. गाड्या नदीत पडल्या. माणसं वाचली. अपघाताच्या चौकशीत जी कारणं नोंदली गेली त्यांत पायलट चालकाचं हँड्स-फ्री फोनवर बोलणं आणि ट्रकने पुरेसं अंतर न ठेवणं हीही होती. हात मोकळे होते, लक्ष मोकळं नव्हतं. म्हणून गाडी निवडताना मी रेडिओची जागाही बघतो: माइक नजर रस्त्यावरून न हटवता हाताला लागला पाहिजे, आणि वैयक्तिक फोन त्याच यंत्रणेला जोडलेला नसलेला बरा.

तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. आता एसयूव्हीच्या एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा विचार करा. अशा अनेक गाड्या हायवेवर वेग घेतला की स्वतःला दोनेक सेंटिमीटर खाली घेतात. आवारात उभी असताना पोल मोजला, हायवेवर तो तेवढाच खाली आला. वाऱ्याने पोल मागे झुकतो त्याने आणखी कमी. यादीतली एसयूव्ही एअर सस्पेन्शनची होती. केवळ या एका कारणाने पोलच्या कामाला ती बाद. साध्या स्प्रिंगच्या गाडीतही पोल मोजताना सगळं सामान आणि माणसं आत बसलेली हवीत, टायरमध्ये हवा पूर्ण हवी, जमीन सपाट हवी.

मिनिव्हॅनची अडचण दुसरी. पुढच्या जाळीमागे, बहुधा बोधचिन्हाच्या आसपास, रडार असतं, आणि काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा. पोल त्यांच्या समोर आला की गाडीला समोर अडथळा दिसतो: इशारे वाजतात, वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल बंद पडतो, वाईट झालं तर ब्रेक आपोआप लागतो. ताफ्याच्या पुढे असताना पायलट गाडीने अकारण ब्रेक मारणं म्हणजे मागच्या अवजड ट्रेलरला थांबायला लावणं. पिकअपला पुढे हूक बसवायला भक्कम चौकट असते. मिनिव्हॅनच्या बंपरमागे आहे ती टक्कर शोषणारी तुळई, पोलसाठी तिला भोकं पाडणं मला पटत नाही. म्हणून ठरलं: पोल पिकअपचाच. ती नसेल त्या दिवशी अतिउंच मालाचं काम घ्यायचं नाही, किंवा पोलवाली गाडी बाहेरून बोलवायची. मालकीणबाईंना हे रुचलं नाही, कारण कामं सुटणार. पण एका गाडीकडून सगळं करून घ्यायच्या हट्टापायी मागच्या गाडीची निवड बिघडली असती.

निवड

दुसरी पिकअप सामानाच्या चाचणीतच मागे पडली होती. एसयूव्ही पोलमुळे आणि उंच मजल्यामुळे. शेवटी दोन मिनिव्हॅन उरल्या.

पेट्रोल मिनिव्हॅनच्या बाजूने एक ठोस मुद्दा होता: मधली रांग. क्रायस्लरच्या साध्या (हायब्रिड नसलेल्या) पॅसिफिकात मधल्या सीट मजल्याखालच्या कप्प्यात घडी होऊन बसतात. होंडा ओडिसीत त्या उचलून बाहेर काढता येतात. टोयोटा सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड मिळते आणि तिची मधली रांग मालकाने काढावी अशी रचनाच नाही. ती पुढे सरकते, बस. मालवाहू जागा ही एकच कसोटी असती तर सिएना हरली असती. पण आमच्या चाचणीत ती सगळी जागा लागतच नव्हती. मधली सीट पुढे सरकवून मागे सामानाला पुरेसं होत होतं, आणि एक सीट शाबूत राहिल्याने ट्रेलरच्या मदतनिसाला बसवता येत होतं. उलट उभ्या तासांचा हिशेब मांडला की हायब्रिड पुढेच राहत होती: इंधन, इंजिनाची झीज, वीज, तिन्ही बाबतींत.

हायब्रिडबद्दल दिरांची शंका रास्त होती. छोट्या गावातला मेकॅनिक तिला हात लावेल का? टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बारा व्होल्टची बॅटरी ही कामं तो करू शकतो. उच्चदाबाच्या केशरी वायरींना त्याने हात लावायचाच नाही. त्या भागाला कंपनीची वॉरंटी असेल अशीच गाडी घ्यायची, फार जुनी नाही. म्हणून मोठी बॅटरी वॉरंटीत असलेली, थोडी चाललेली गाडी शोधली. तिचे आयडलिंगचे तास वगैरे नोंदलेले नव्हते, पण ती एका कुटुंबाकडे होती आणि सर्व्हिसिंगचे कागद पूर्ण होते.

विम्याचं काम गाडी दारात यायच्या आधी केलं. खासगी वापराच्या पॉलिसीवर एस्कॉर्टचा धंदा केला तर दावा नाकारला जाऊ शकतो. टपावरचे दिवे आणि फलक हे बदलही विमा कंपनीला लेखी कळवले.

सज्ज करताना

दिव्यांची पट्टी कमानींवर, भोक न पाडता. वायर मागच्या दाराच्या रबराखालून आत, फ्यूज बॅटरीच्या जवळ, अर्थिंग बॉडीवर. प्रत्येक स्विचला अंधारात बोटांना ओळखू येईल असा वेगळा आकार. मागच्या काचेतून दिसायला अडथळा नको म्हणून सामानाची उंची सीटच्या पाठीपर्यंतच, आणि अचानक ब्रेकला सामान पुढे येऊ नये म्हणून मध्ये जाळी. अग्निशामक पट्ट्याने बांधलेला. सुटा अग्निशामक टकरीत जीव घेऊ शकतो. बॅटरीच्या जाळीभोवती मोकळी जागा राहावी म्हणून तिथे एक छोटा कठडा केला. ओल्या सामानासाठी कड असलेला रबरी ट्रे मागच्या खळग्यात. स्टेपनी नव्हती, ती वेगळी घेतली आणि आतच बांधली. त्यात जागा गेली, पण ती द्यायलाच हवी होती.

रस्त्यावर

गाडी कामाला लागल्यावर सगळ्यात आधी जाणवला तो आवाज, किंबहुना त्याचा अभाव. वाट बघताना इंजिन गप्प असल्याने रेडिओवरचं बोलणं नीट कळतं. हा फायदा आमच्या कुणाच्याच यादीत नव्हता. इंधन कमी लागतं हे अपेक्षित होतं.

तक्रारीही आहेत. जमिनीपासूनची उंची कमी असल्याने पवनचक्क्यांच्या आतल्या रस्त्यांवर ती खालून घासते. आता मागची गाडी फाटकापर्यंतच जाते आणि आत पिकअप एकटी, ट्रेलरच्या चालकाला रेडिओवर सांगत. साइटच्या लोकांना हे आधी कळवावं लागतं. सीट वॅगनपेक्षा उंच असली तरी पिकअपइतकी नाही. लांब पात्याच्या टोकापलीकडे बघायला मालकीणबाईंना लेनच्या कडेला सरकावं लागतं. लेन राखायला मदत करणारी यंत्रणा त्या वेळी स्टिअरिंग ओढते, म्हणून कामाच्या वेळी ती बंद ठेवायची सवय लावून घेतली आहे. आणि एकदा कोणीतरी गाडी अ‍ॅक्सेसरीवर सोडून दिवे चालू ठेवलेच. जंप-स्टार्टचा पॅक तेव्हापासून सरकत्या दाराच्या खिशात असतो.

सर्व्हिसिंगच्या वहीत मी दोन रकाने आखून दिले आहेत: एकात किलोमीटर, दुसऱ्यात गाडी किती तास "रेडी" होती ते. ऑइल कधी बदलायचं हे दोन्हींपैकी जे आधी येईल त्यावर. पिकअपलाही तेच लावलं आणि तिचे उभे तास बघून दीर जरा गप्प झाले. तिची बदली करायची वेळ जवळ आली आहे. त्या खरेदीत पोल सगळ्यात वर असेल, मग पुढची चौकट, मग काजळीचा फिल्टर. सामानाची जागा यादीत शेवटी, कारण सामान आता मागच्या गाडीत मावतं.